टायमिंग बेल्ट की टायमिंग चेन: दोन इंजिनं, सहा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

वहिनींच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा आहे. हा दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टच्या (पिस्टनना जोडलेला दांडा) फिरण्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो; काही इंजिनांत हेच काम चेन करते. चार सिलिंडरचं १.४ लिटर पेट्रोल इंजिन, मीटर ७१,००० च्या पुढे, आणि बेल्टला आठ वर्षं होत आली. गाडीच्या पुस्तकात दोन मर्यादा दिल्या आहेत, १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं, यांतलं जे आधी होईल ते. किलोमीटर भरपूर शिल्लक आहेत, वर्षं मात्र संपली.

वहिनींनी सरळ विचारलं, "भाऊजी, चेनवाली गाडी घेतली असती तर हे करावंच लागलं नसतं ना? चेन तर गाडीइतकीच टिकते म्हणतात."

मी हो म्हणणार होतो, पण मित्राचं इंजिन आठवलं. १.२ लिटर, चेनवालं, कॅमफेजर (चालू इंजिनात कॅमची वेळ बदलणारा भाग) नसलेलं साधं इंजिन. सकाळी चालू केलं की दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने खडखड येते. ते तेलही खातं, म्हणून त्याने इंजिनच बदलायचं ठरवलं आहे. जुनं इंजिन मी स्वतःसाठी मागून ठेवलं.

वहिनींच्या गाडीचं काम नेहमीसारखं करायचं, पण प्रत्येक सुटा भाग नीट तपासून. आणि मित्राचं इंजिन पूर्ण उघडून चेन मोजायची. ऐकीव माहितीवर वहिनींना उत्तर द्यायचं नाही.

५ जानेवारी

मित्राचं इंजिन अजून गाडीतच आहे, तेव्हा ते चालू असतानाची मोजमापं आजच उरकली. एकदा सोडवलं की ही संधी पुन्हा नाही.

रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाची खडखड मोबाईलवर रेकॉर्ड केली. चालू केल्यापासून जवळपास तीन सेकंद, मग एकदम शांत. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, तेलाच्या दाबावर चालतो. रात्रीत त्यातलं तेल निथळतं, आणि दाब परत येईपर्यंत ढिली चेन गाइडवर (तिला वाट देणाऱ्या पट्टीवर) आपटत राहते. चेन नवी असेल तर टेन्शनरचं रॅचेट (एकाच दिशेने सरकू देणाऱ्या खाचा) तिला तेवढा वेळ आवरून धरतं आणि आवाज कानावर येत नाही.

स्कॅनरवर पी००१६ कोड साठलेला सापडला. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. कोड पाहून सेन्सर बदलणारे पुष्कळ असतात, पण सेन्सर खरं बोलत असेल तर नवा सेन्सरही तेच सांगणार.

म्हणून ऑसिलोस्कोप (सेन्सरचा सिग्नल आलेखात दाखवणारं यंत्र) लावला. या इंजिनाच्या क्रँकच्या सेन्सर चकतीवर ६० दातांची जागा आहे, त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले. म्हणजे एक दात क्रँकचे ६ अंश. गाळलेल्या जागेपासून मोजत गेलं की एक्झॉस्ट कॅमच्या (जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) सिग्नलची कड कुठल्या दातावर पडते ते कळतं. त्याच मॉडेलच्या, कमी धावलेल्या एका गाडीचा आलेख आधीच काढून ठेवला होता. त्यात कड बरोबर १२ व्या दातावर आहे. या इंजिनात ती १२ आणि १३ च्या मध्ये, १३ कडे जास्त झुकलेली. कॅम अंदाजे ५ अंश मागे पडला आहे.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये कमी, आणि जवळजवळ सारखंच कमी. इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा मिटला की आत आलेल्या हवेतली थोडी परत बाहेर ढकलली जाते, त्यामुळे असं होऊ शकतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर आकडे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. पण हे इंजिन तेलही खातं, त्यामुळे दोन्ही कारणं असू शकतात. निष्कर्ष उघडल्यावर.

११ जानेवारी

वहिनींची गाडी घेतली. उजवं चाक काढलं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, मग माउंट सोडवला. क्रँक पुलीचा बोल्ट हट्टी निघाला, लांब दांडा लावावा लागला. कव्हर काढण्याआधी पहिला पिस्टन टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या जागी, आणून खुणा जुळवल्या.

बेल्ट दिसायला उत्तम होता. पाठीवर भेग नाही, दात पूर्ण, कडा शाबूत. बोटांत धरून वाकवला तरी काही दिसेना. मला हेच महत्त्वाचं वाटतं. जुन्या निओप्रीन बेल्टला म्हातारपणी भेगा पडायच्या आणि मेकॅनिक त्या दाखवून बेल्ट बदलायचे. आताचे बेल्ट एचएनबीआर रबराचे, आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवर नायलॉनचं कापड. त्यांचं वय चेहऱ्यावर उमटत नाही. दोऱ्या आतून थकतात, दाताच्या मुळाशी कापड विरतं, आणि वरून बेल्ट नवा वाटतो. नजरेने पास केलेला बेल्ट पास झाला असं मी यापुढे धरणार नाही.

खरा धोका शेजारच्या भागांत निघाला. आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी) हाताने फिरवली तर ती मोकळी घरंगळत राहिली, कोरड्या सुर्र आवाजात. चांगली पुली ग्रीसच्या जाडपणामुळे एक-दोन फेऱ्यांत थांबते. हिच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलं आहे. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर, म्हणजे आतलं सील झिरपायला लागलं आहे. आणि कॅमशाफ्टच्या सीलखाली तेलाचा ओलसर पट्टा. तो अजून बेल्टपर्यंत पोचला नव्हता, पण कोरड्या बेल्टवर तेल आलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं.

यांतलं एकही बेल्ट स्वतः नाही. पण बेअरिंग जाम झालं किंवा पंप अडकला, तर जाणार बेल्टच, आणि त्याच्याबरोबर व्हॉल्व्ह. म्हणून नुसता बेल्ट बदलणं हे अर्धं काम. पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, टेन्शनर आणि आयडलर नेहमीच, सीलं ओली असतील तर तीही.

१२ जानेवारी

सीलं बसवली, पंप बसवला. नवा बेल्ट पाकिटातून काढताना वळवला नाही, उलटा केला नाही. तीव्र घडी पडली तर काचतंतू तुटतात, आणि ती इजा बाहेरून कधीच दिसत नाही. जुना बेल्ट आज मुद्दाम घडी घालून मोडून पाहिला. पहिल्या घडीला काही नाही, पण दोन्ही हातांनी ओढून पुन्हा वाकवला तेव्हा बारीक करकर बोटांना जाणवली.

बेल्ट क्रँकपासून चढवायला सुरुवात करायची आणि ताणाची बाजू सरळ घट्ट ठेवत कॅमकडे जायचं. सगळी ढील शेवटी टेन्शनरच्या बाजूला उरली पाहिजे. पहिल्यांदा चढवला तेव्हा खुणा जुळल्यासारख्या वाटल्या. टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणला, नट आवळला, आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे दोन फेरे झाल्यावरच सगळं मूळ जागी येतं.

क्रँकची खूण बरोबर आली. कॅमची एक दात मागे.

चढवताना ताणाच्या बाजूला जरा ढील राहिली होती, टेन्शनरने ओढल्यावर ती कॅमच्या अंगावर आली. सगळं सोडवून पुन्हा बसवलं. यावेळी कॅमची पुली लॉकने धरली आणि ताणाची बाजू बोटाने दाबून पाहिली. दोन फेरे, खुणा बरोबर. आणखी दोन फेरे, पुन्हा बरोबर, काटा खाचेसमोर. संध्याकाळी इंजिन चालू केलं, एका दमात लागलं. कान देऊन ऐकलं तर फक्त इंजेक्टरची टिकटिक.

ते दोन फेरे न फिरवता थेट चावी मारली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर मला मित्राच्या इंजिनावर शोधायचं आहे.

१९ जानेवारी

हात लावायला वेळ नव्हता, वाचन झालं.

वहिनींच्या प्रश्नात एक समज दडलेला आहे: बेल्ट जुना, चेन नवी. इतिहास तसा नाही. बेल्ट येण्याआधी वर्षानुवर्षं कॅम गिअरने किंवा चेननेच फिरत होते. दातेरी रबरी बेल्ट मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत आणला तो ग्लास या जर्मन कंपनीने, १००४ या मॉडेलमध्ये, १९६२ च्या सुमारास. १९६६ साली फियाटच्या १२४ स्पोर्ट स्पायडरमध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं बेल्टवर चालणारं दुहेरी कॅमचं इंजिन आलं. कॅम डोक्यावर गेले, क्रँकपासूनचं अंतर वाढलं, आणि एवढं अंतर शांतपणे, हलक्या वजनात, तेलाशिवाय पार करायचं तर बेल्ट सोयीचा होता. पुढे छोट्या गाड्यांत तोच रूढ झाला.

मग वारं फिरलं. टोयोटाच्या करोलात जुन्या ए-मालिकेनंतर झेडझेड इंजिन चेन घेऊन आलं. होंडाची २००६ ची सिव्हिक चेनवर गेली. सुझुकीच्या ८०० सीसी एफ८ मध्ये बेल्ट होता, के-मालिकेत चेन. यावरून चेन जिंकली असं वाटू शकतं. पण फोक्सवॅगनने छोट्या टीएसआय इंजिनांत नेमकं उलटं केलं: ईए१११ मध्ये चेन होती, २०१२ पासूनच्या ईए२११ मध्ये बेल्ट.

तिसरी वाट तेलात बुडालेल्या बेल्टची. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि पीएसएचं (प्यूजो-सिट्रोएनच्या गटाचं) १.२ प्युअरटेक. घर्षण कमी, इंजिन आखूड. पण रबर सतत तेलात, आणि त्या तेलात मिसळलेल्या पेट्रोलमध्ये. प्युअरटेकमध्ये बेल्टचे कण सुटून तेलाची गाळणी तुंबल्याची प्रकरणं गाजली आणि गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोन्ही कंपन्यांनी नंतरच्या आवृत्त्यांत कॅमसाठी चेन आणली. मला ही रचना पटत नाही. कोरड्या बेल्टसारखा मुदतीने बदलण्याचा हप्ता तिला आहेच, वर चेनसारखी तेलाची काळजीही.

२५ जानेवारी

मित्राचं इंजिन स्टँडवर. आजचा दिवस या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा.

आधी सम्प (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) काढला. तेल काळं असणारच, पण तळाशी चिकट गाळ होता आणि गाळणीच्या जाळीवर प्लास्टिकच्या तपकिरी कपच्या. पुढचं कव्हर सीलंटने चिकटलेलं, पातळ पाती घालून सावकाश उचकटलं. कव्हर निघाल्यावर कपच्या कुठल्या ते कळलं: चेनच्या नायलॉन गाइडवर दोन समांतर चर, बाजूच्या कड्यांच्या मापाचे. टेन्शनरचा दट्ट्या इतका बाहेर आलेला की रॅचेटच्या शेवटच्या दोनच खाचा उरल्या होत्या.

नुसत्या चेनपर्यंत पोचायला आजचा अख्खा दिवस गेला. वहिनींच्या गाडीत बेल्ट एका सकाळीत उघडा पडला होता. चेन आतच राहावी असं धरून हे इंजिन रचलं आहे.

आता माप. चेन ८ मिमी पिचची (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर), १४२ कड्या. धुऊन, वाळवून उभी टांगली आणि खाली वजन लावलं, म्हणजे प्रत्येक सांध्यातली ढील एकाच दिशेला जाते. मग व्हर्निअरने १५ पिचचं अंतर, एका पिनेच्या डाव्या कडेपासून सोळाव्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत. नव्या चेनमध्ये ते १२०.० मिमी असायला हवं. तीन ठिकाणी मोजलं: १२०.६, १२०.७, १२०.७.

चेन ताणली, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद ताणलं गेलेलं नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजले आहेत. ०.७ मिमी भागिले १५, म्हणजे दर सांध्याला पाच शतांश मिलिमीटरहूनही कमी. हे एवढंसं झिजणं १४२ ठिकाणी जमा होतं आणि चेन साडेसहा मिलिमीटर लांब होते.

मग वहीत गणित मांडलं. क्रँकपासून एक्झॉस्ट कॅमपर्यंत ताणाच्या बाजूची लांबी सुमारे ३८० मिमी. वाढ ०.५८ टक्के, म्हणजे २.२ मिमी. कॅमचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ३६ दातांचं, परीघ ३६ गुणिले ८, म्हणजे २८८ मिमी. २.२ मिमी म्हणजे कॅमचे पावणेतीन अंश, क्रँकचे साडेपाच. ५ जानेवारीला ऑसिलोस्कोपने अंदाजे ५ अंश दाखवले होते. इंजिन न उघडता काढलेला आकडा आणि उघडून व्हर्निअरने काढलेला आकडा इतके जवळ आले, याचा मला फार आनंद झाला.

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. टेन्शनर चेनची ढील काढतो, पण कॅमची मागे पडलेली वेळ परत आणत नाही. ढील असते सैल बाजूला, चूक साठते ताणाच्या बाजूला. म्हणूनच आवाज न करणारी चेनही कॅमला मागे पाडत असू शकते.

चेन का झिजली? सांध्यात तेलाची फिल्म असते तोवर पिन-बुश टिकतात. इथे तेल कमी पडत होतं, बदलायला उशीर झाला होता, आणि काजळीचे कण पॉलिश पेपरसारखं काम करत होते. मित्राला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिवा लागला की तेल टाकायचो." दिवा दाबाचा असतो, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत टेन्शनर आणि चेन कितीतरी वेळ उपाशी राहिलेले असतात.

२६ जानेवारी

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा असते ते पाहिलं. हेड उचललं, पहिल्या पिस्टनवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या खाली मॉडेलिंग क्लेचा गोळा, वर तेलाचं बोट, मग जुनं गास्केट घालून हेड परत बसवलं. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने दोन फेरे, हेड पुन्हा वर, क्ले मधोमध कापून जाडी मोजली.

खुणा बरोबर असताना उरलेली जाडी २.६ मिमी.

एक्झॉस्ट कॅम एक दात मागे: ०.८ मिमी. क्रँकच्या चेन-स्प्रॉकेटच्या १८ दातांत ३६० अंश, म्हणजे एक दात २० अंशांचा. हाताने फिरतं आहे म्हणून इंजिन वाचलं. पूर्ण वेगात कनेक्टिंग रॉड किंचित लांबतो, व्हॉल्व्ह किंचित उशिरा मिटतो, आणि त्या ०.८ मधलं काय उरेल ते मला सांगता येणार नाही.

दोन दात मागे: क्रँक टीडीसीच्या अलीकडे थांबला. जोर लावला नाही. पान्यातून हाताला कळतं, कठीण धातू धातूला टेकला आहे.

एक्झॉस्ट मुद्दाम निवडला, कारण लांब झालेली चेन दोन्ही कॅम मागे पाडते. उशिरा उघडणारा इनटेक वर येणाऱ्या पिस्टनपासून दूरच राहतो, पण उशिरा मिटणारा एक्झॉस्ट त्याच्या वाटेत येतो. तुटलेल्या बेल्टचं गणित वेगळं: कॅम जिथे असतील तिथे थांबतात, चार सिलिंडरमध्ये कुठले ना कुठले व्हॉल्व्ह उघडे असतातच, आणि फ्लायव्हीलच्या जोरावर पिस्टन वर येत राहतो.

मित्राची चेन अजून एकही दात उडाली नव्हती. पण शेवटच्या दोन खाचा, ढिली चेन आणि थंड इंजिन, इतकं जमून आलं होतं. त्यात चढावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे सरकली तर क्रँक उलटा फिरतो, ताणाची बाजू सैल होते आणि सगळा भार टेन्शनरवर येतो. झिजल्या चेनच्या गाडीला उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर सोडू नये, हँडब्रेक आधी ओढावा.

१ फेब्रुवारी

मित्राच्या गाडीत दुसरं इंजिन बसलं. पहिल्याच दिवशी ऑसिलोस्कोप लावून आलेख जपून ठेवला. कड १२ व्या दातावर.

१६ फेब्रुवारी

वहिनींची गाडी बेल्टनंतर ५०० किमी चालली. वरचं कव्हर काढून पाहिलं. कोरडं, काटा खाचेसमोर, सीलखाली ओल नाही.

चहाला बसलो तेव्हा वहिनींना चेनची आणि बेल्टची मापं दाखवली. मी म्हटलं, "वहिनी, तुमची गाडी एका वेळी चार-पाच किलोमीटरच जाते. तेवढ्यात इंजिनाचं तेल पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि ओलावा साठतो, आणि चेन त्याच तेलावर जगते. तुम्हाला चेन घेतली असती तर तेल किलोमीटरवर न सोडता महिन्यांवर बदलावं लागलं असतं. चुकलं असतं तर ते आतल्या आत चुकलं असतं. बेल्टला निदान तारीख आहे."

त्यांनी विचारलं, "मग लांबच्या प्रवासाची गाडी असेल तर?"

"तर चेन. तेल वेळेवर आणि पातळी दर महिन्याला बघणार असाल तर. आणि गाडी जुनी घेत असाल, तेल कधी बदललं याचा कागद नसेल, तर कोरड्या बेल्टवालीच घ्या. बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदलून नवी सुरुवात करता येते. झिजलेली चेन बदलायला इंजिनाचं तोंड उघडावं लागतं."

बॉनेटच्या आत पट्टी चिकटवली: बेल्ट, पंप, टेन्शनर, आयडलर, कॅम सील, १२ जानेवारी २०२५, ७१,२४० किमी. पुस्तक आठ वर्षं देतं, पण आयडलर कोरडा निघालेला पाहिल्यावर मी पुढची तारीख सातव्या वर्षाची घातली: जानेवारी २०३२. मित्राच्या गाडीतही तशीच पट्टी, तिच्यावर फक्त तेलाच्या तारखा आणि सगळ्यात वर, १२ वा दात.